अंगणातला मांडव: झाप, बांबू आणि सुंभ यांनी सावली कशी घालावी आणि कशी सजवावी

कोकणात पाऊस सरला, भाताची झोडणी आटोपली आणि अंगण चोपून सारवून झाले की त्यावर मांडव घालण्याची रीत जुनी आहे. दिवाळीच्या मागेपुढे उभा राहिलेला हा मांडव पुढचे सहा-सात महिने घराची आणखी एक खोलीच असतो. त्याखाली सुपारी सोलली जाते, आमसुले आणि साठे वाळवण्यापूर्वीची कामे होतात, लग्नाच्या पंगती बसतात आणि मे महिन्यात मुंबईहून आलेली मुले तिथेच आडवी होतात. गावच्या घरी नव्याने राहायला आलेल्या, किंवा घरामागे थोडी मोकळी जागा असूनही तिचे काय करावे हे न उमगलेल्या लोकांसाठी हा लेख आहे. उदाहरणासाठी १२ फूट लांब आणि १० फूट रुंद मांडव धरला आहे. चार-सहा माणसे पाय पसरून बसू शकतील एवढी जागा त्याखाली मिळते आणि दोन माणसांना तो दोन-तीन दिवसांत उभा करता येतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्यावी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच अवलंबून असतात. झावळ्यांचा मांडव वर्षानुवर्षे टिकवण्यासाठी नसतो, तो दरवर्षी नव्याने घालायचा असतो. पहिल्यांदाच मांडव घालणारी माणसे त्यावर व्हार्निश फासतात, खाली प्लास्टिकचा कागद लावतात, झापांना, म्हणजे झावळ्या विणून केलेल्या चटयांना, खिळे ठोकतात आणि एका पावसातच तो सगळा खटाटोप काळा पडून कुजतो. मेढी, म्हणजे खांब, आणि बांबू काही वर्षे वापरता येतात, पण वरचे आच्छादन एका हंगामाचे. हे मान्य केले की सामान कमी लागते, खर्च आवरतो आणि सजावटीतही मोकळेपणा येतो, कारण चुकलेले पुढच्या वर्षी सुधारता येते.

जागा आणि ऊन

मांडव कुठे घालायचा हे ठरवण्यापूर्वी एक दिवस अंगणात उन्हाचा माग घ्यावा. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात भर दुपारी सूर्य तिथे जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि मांडवाची सावली मांडवाखालीच पडते. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्यही दक्षिणेकडे बराच कललेला असतो. साडेसात फूट उंचीच्या मांडवाची सावली तेव्हा सहा-साडेसहा फूट उत्तरेला सरकते. म्हणजे घराच्या दक्षिणेला मांडव घातला तर हिवाळ्यात त्याची सावली भिंतीवर चढते आणि बसण्याच्या जागेत ऊन येते, जे त्या दिवसांत हवेसेच वाटते. खरी अडचण पश्चिमेची असते. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य एवढा खाली आलेला असतो की मांडवाची सावली त्याच्या उंचीपेक्षाही जास्त अंतर पूर्वेकडे जाते आणि खाली बसलेल्यांच्या तोंडावर ऊन येते. म्हणून पश्चिमेची बाजू उभ्या झापांनी झाकण्याची तजवीज आधीपासूनच ठेवावी, आणि पूर्व व उत्तर बाजू वाऱ्यासाठी उघड्या ठेवाव्यात.

पत्र्याच्या किंवा हिरव्या जाळीच्या तुलनेत झापांचे छप्पर थंड का वाटते, याचे कारण साधे आहे. पत्रा तापतो आणि ती धग खाली सोडतो. विणलेली पाने फारशी उष्णता धरून ठेवत नाहीत आणि विणीच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. शिवाय जाळीखाली सगळे हिरवट दिसते, अगदी ताटातला भातसुद्धा, ही माझी वैयक्तिक तक्रार आहे.

सामान

आपल्या मापाच्या मांडवासाठी नऊ मेढी लागतात: दहा फुटी बाजूंना समांतर तीन रांगा, प्रत्येक रांगेत तीन. मेढ म्हणजे वरच्या टोकाला बेचके असलेला खांब. मुहूर्तमेढ या शब्दातली मेढ तीच. बागायतीच्या भागात उन्मळून पडलेल्या किंवा म्हाताऱ्या पोफळीचे खोड यासाठी वापरतात. पोफळीचे खोड बाहेरून टणक आणि आतून भुसभुशीत असते आणि त्याला निसर्गतः बेचके नसते, त्यामुळे टोकाला कोयत्याने खोबण करून घ्यावी लागते. पोफळ न मिळाल्यास जाड बांबू चालतो. आडव्या वाशांसाठी सिंधुदुर्गात माणगा किंवा चिवार म्हणून ओळखला जाणारा बांबू उत्तम, कारण तो जवळजवळ भरीव असतो, सरळ वाढतो आणि त्याला काटे नसतात. काटेरी कळकही मजबूत असतो, पण तो बेटातून ओढून काढताना अंगावर ओरखडे घेण्याची तयारी ठेवावी. खासगी जमिनीवरचा बांबू तोडायला किंवा वाहून न्यायला केंद्राच्या वन कायद्याखालचा परवाना आता लागत नाही. २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला.

बांबू तीन-चार वर्षांचा, पक्का झालेला घ्यावा. कोवळ्या कोंबाच्या खोडावर पांढुरकी भुकटी आणि पेऱ्यांना चिकटलेली साले दिसतात. ती दिसली तर बांबू पुढच्या वर्षासाठी सोडून द्यावा. तोडलेला बांबू लगेच वापरू नये. त्यातल्या पिष्टावर भुंगेरे येतात आणि आतून पोखरून पिवळसर भुगा खाली टाकत राहतात. मी पहिल्या वर्षी ही खबरदारी घेतली नव्हती, आणि मार्चपासून मांडवाखाली अंथरलेल्या प्रत्येक चटईवर रोज सकाळी पिठी सांडलेली असे. बांबू तीन-चार आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवले की त्यातले पिष्ट बरेचसे निघून जाते. पाण्याला वास येतो, तो अपेक्षितच आहे. ओढा नसेल तर बोरिक अॅसिड आणि बोरॅक्स यांच्या पाच टक्क्यांच्या द्रावणात आठवडाभर बुडवण्याची पद्धत आहे. त्यासाठी आधी पेऱ्यांच्या आतल्या पडद्यांना लांब सळईने भोके पाडावी लागतात, नाहीतर द्रावण आत शिरत नाही. काढल्यावर बांबू सावलीत उभे करून सुकवावेत.

बांधण्यासाठी सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, घ्यावा, नायलॉनची दोरी नको. नायलॉन उन्हात ठिसूळ होते, गुळगुळीत बांबूवरून सरकते आणि मांडव उतरवताना कापून कचऱ्यात टाकावी लागते. काथ्याचा सुंभ खरबरीत असल्यामुळे बांबूला धरून राहतो आणि कुजला तर माडाच्या बुंध्यात खत होऊन जातो. वापरण्यापूर्वी तो तासभर पाण्यात ठेवला की मऊ पडतो आणि गाठ घट्ट बसते.

आखणी आणि मेढी

अंगणात चार खुंट्या ठोकून १२ बाय १० चा चौकोन सुतळीने आखावा आणि त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे, म्हणजे साधारण १५ फूट साडेसात इंच भरले तर कोपरे काटकोनात आहेत असे समजावे. दहा फुटी बाजूंवर पाच-पाच फुटांवर आणि बारा फुटी बाजूंवर सहा-सहा फुटांवर मेढींच्या खुणा कराव्यात. पहारीने दोन फूट खोल खड्डे घ्यावेत. मेढीच्या जमिनीत जाणाऱ्या भागाला, आणि जमिनीच्या वर अर्ध्या फुटापर्यंत, डांबर लावून घ्यावे, कारण मेढ नेमकी माती आणि हवा मिळतात तिथेच कुजते आणि वाळवीही तिथूनच चढते. मेढ ओळंब्यात उभी करून खड्ड्यात आधी दगडांचे तुकडे, मग माती, पुन्हा दगड असे थर देत पहारीच्या बोथट टोकाने ठोकत जावे. पश्चिमेकडच्या मेढी सात फूट आणि पूर्वेकडच्या साडेसात फूट ठेवल्या की छपराला थोडा उतार मिळतो. अवकाळी सर आली तर पाणी विणीत साचत नाही. मात्र एवढ्या उताराचा मांडव पाऊस रोखत नाही. पाणी अडवणारे शाकारलेले छप्पर चांगले तीव्र उताराचे असावे लागते आणि ते वेगळे काम आहे.

अंगण फरसबंद असेल तर खणता येत नाही. तिथे पंधरा किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत मेढी उभ्या करून काँक्रीट भरतात. अशा मांडवाला कोपऱ्यांतून तिरके ताण देणे आणि एक बाजू घराच्या भिंतीतल्या हुकांना बांधणे आवश्यक आहे. शहरातल्या गच्चीवर मात्र मी झावळ्यांचा मांडव सुचवणार नाही: तिथला वारा आणि शेजारच्या गच्चीवरचे फटाके या दोन्हींचा भरवसा नसतो.

मेढींच्या बेचक्यांत लांबीच्या दिशेने तीन मुख्य वासे बसवावेत, त्यांच्यावर आडवे दोन-दोन फुटांवर वासे, आणि त्यांवर बांबू चिरून काढलेल्या कामट्या एकेका फुटावर. प्रत्येक सांध्यावर सुंभाचे चार आडवे-उभे वेढे देऊन मग दोन बांबूंच्या मधून दोन वेढे आवळून घ्यावेत. हे शेवटचे दोन वेढेच सांधा घट्ट करतात आणि नवखा माणूस नेमके तेच विसरतो. आठवडाभराने सगळे सांधे पुन्हा तपासावेत, कारण बांबू सुकताना बारीक होतो आणि गाठी सैल पडतात.

झाप विणणे

या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच. माड साधारण महिन्याला एक झावळी टाकतो, म्हणजे पाच-सहा माडांच्या वर्षभराच्या झावळ्या साठवल्या तरी एका मांडवाला पुरून उरतात. सिंधुदुर्गात झावळीला चुडत म्हणतात. विणण्यासाठी गळून पडलेली, पण अजून पूर्ण कडक न झालेली झावळी निवडावी. महिनाभर उन्हात पडून करकरीत झालेल्या झावळीची पाती वळवताना तुटतात. निवडलेल्या झावळ्या दोन-तीन दिवस पाण्यात दाबून ठेवाव्यात. विहिरीजवळची टाकी, ओढ्याचा डोह, काहीही चालते.

भिजलेली झावळी बाहेर काढून देठाकडचा जाड भाग तोडून टाकावा आणि मधला दांडा शेंड्याकडून देठाकडे कोयत्याने सरळ चिरून झावळीचे दोन फाळ करावेत. आता प्रत्येक फाळाला एकाच बाजूने पाती आहेत. फाळ सपाट जमिनीवर, दांडा आपल्यापासून दूर आणि पाती आपल्याकडे, असा ठेवावा. पाती मुळातच शेंड्याकडे कललेली असतात. पहिले पाते तसेच राहू द्यावे. दुसरे पाते देठाच्या दिशेने उलटे वळवून शेजारच्या पात्यांच्या एकदा वरून, एकदा खालून असे तिरके नेत जावे. तिसरे पुन्हा तसेच ठेवावे, चौथे वळवावे. चार-पाच पाती झाली की चटईसारखी तिरकी वीण दिसू लागते आणि मग हात आपोआप चालतो. शेवटी सुटी राहिलेली टोके एकमेकांत गुंफून काठाला वेणी घालावी, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात झाप उसवतो. वीण घट्ट ओढावी, कारण पाती सुकताना आकसतात आणि ताजी असताना अगदी बंद दिसणारी वीण पंधरा दिवसांत मोकळी होते.

पहिला झाप विणायला अर्धा-पाऊण तास लागेल, पाचवा निम्म्या वेळात होईल. शेजारी एखादी वयस्कर काकी किंवा आजी असेल तर तिच्या शेजारी बसून दोन झाप विणावेत. लेख वाचून जे कळत नाही ते तिच्या अंगठ्याकडे पाहून कळते. सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद असे झाप धरले तर, कडा एकमेकींवर चढवून, आपल्या मांडवाला वीस ते पंचवीस झाप लागतात. पश्चिमेच्या बाजूसाठी आणखी आठ-दहा धरावेत.

झाप वर चढवताना सखल, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने सुरुवात करावी आणि प्रत्येक पुढची ओळ आधीच्या ओळीवर वीतभर चढवावी. दांडा कामटीवर येईल अशा बेताने प्रत्येक झाप निदान तीन ठिकाणी सुंभाने बांधावा. छपरावर चढून काम करू नये. बांबू पेलेल, पण कामट्या पेलणार नाहीत. शिडीवरूनच काम करावे आणि शिडी खाली दुसऱ्या माणसाने धरावी.

सजावट

या मांडवाची सजावट बाहेरून आणून चिकटवण्याची वस्तू नव्हे. वीण, गाठी आणि जमिनीवर पडणारे कवडसे हीच पहिली सजावट, आणि ती नीट साधली असेल तर वर फारसे काही करावे लागत नाही. म्हणून कवडशांपासून सुरुवात करावी. बसण्याच्या जागेवर झापांचे दोन थर द्यावेत आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर एकच विरळ थर ठेवावा, किंवा दोन-तीन फुटांचा पट्टा नुसत्या जवळजवळ बांधलेल्या कामट्यांचाच राहू द्यावा. मग सारवलेल्या जमिनीवर एकीकडे गडद सावली आणि एकीकडे पट्ट्यापट्ट्यांचे ऊन पडते आणि दिवसभर ते सरकत राहते.

मांडवाच्या पुढच्या कडेला काही झापांची टोके वेणी न घालता मोकळी सोडली की त्यांची झालर होते. तिची पाती एका लांबीत कापावीत आणि वाटेवर ती डोक्याला लागणार नाही हे पाहावे. मेढींना खालून चार फुटांपर्यंत सुंभाचे जवळजवळ वेढे दिले तर त्या सुंदर दिसतात आणि टेकून बसणाऱ्याच्या पाठीला बांबूची धार लागत नाही.

टांगण्याच्या सजावटीचा उत्तम नमुना आपल्याकडे गणपतीत असतोच. सिंधुदुर्गात मूर्तीच्या वर जी माटवी बांधतात आणि गोव्यात जिला माटोळी म्हणतात, ती म्हणजे लाकडी चौकटीला टांगलेली फळे, फुले, रानवेली. तिच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, जड वस्तू चौकटीच्या सांध्यांवर आणि हलक्या मधल्या भागात बांधायच्या. दुसरी, एकाच उंचीवर सगळे टांगायचे नाही. अंगणातल्या मांडवात मात्र ताज्या फळांपेक्षा सुकूनही देखणे राहणारे सामान घ्यावे: सुपारीचे रिकामे घोस, माडाच्या सुकलेल्या पोया (फुलोऱ्याची आवरणे), पोफळीच्या विऱ्या (पानांच्या बुडाची रुंद आवरणे), करवंट्या, कडू भोपळ्याचे तुंबे. भिजवलेली विरी हवा तसा आकार घेते. दोन टोके बांधून सुकवली की तिची होडीसारखी टोपली होते आणि त्यात कुंडी ठेवता येते. सणाच्या दिवशी आंब्याचे टाळ बांधावेत, पण आणण्यापूर्वी फांदी चांगली झटकावी. तांबडे हुमले, म्हणजे झाडावरच्या मुंग्या, पानांची घरटी करून त्यात असतात आणि पाहुण्यांच्या डोक्यावर ते पडले तर सजावटीची चर्चा वेगळ्याच कारणाने होते. घरात लहान मुले असतील तर गुंजांच्या माळा टांगू नयेत, कारण ते बी चावून पोटात गेल्यास जिवावर बेतते. कवंडळाच्या वेलीची लालभडक फळेही विषारी असल्याने हाताला येतील अशा उंचीवर नकोत.

माडाच्या कोवळ्या पिवळ्या पात्यांची तोरणे केरळात फार सुरेख करतात आणि ती पाहून आपल्याकडेही तसे करण्याचा मोह होतो. परंतु ती पाती माडाच्या शेंड्यातल्या कोंबाची असतात, आणि माडाला वाढीचा कोंब एकच असतो. अननुभवी हाताने तो दुखावला तर माड मरतो. वादळात पडलेल्या किंवा तोडलेल्या माडाचा शेंडा मिळाला तरच हे काम करावे.

दिव्यांसाठी बुरुडाकडून आणलेली रोवळी किंवा लहान टोपली उलटी टांगावी आणि आत पाच-सात वॅटचा एलईडी बल्ब सोडावा. तिच्या विणीची सावली झापांवर पडते तेव्हा छत दुप्पट उंच असल्यासारखे वाटते. करवंटीला बारीक भोके पाडूनही असाच दिवा होतो. उघडी ज्योत, तापणारे जुने पिवळे दिवे आणि सांधे दिलेल्या वायरी मांडवात आणू नयेत. सुकलेला झाप कागदासारखा पेटतो. पणत्या मांडवाबाहेर, वृंदावनापाशी लावाव्यात, चूल वा शेगडी मांडवाखाली मांडू नये, आणि दिवाळीत फटाके उडत असतील तर झाप त्यानंतरच चढवलेले बरे. पाण्याची भरलेली बादली आणि नळी हाताशी असावी.

वेल सोडायचा असेल तर गोकर्णासारखा हलका आणि छाटता येणारा वेल एखाद्या मेढीवर चढवावा. झाप तपकिरी झाले की त्याची निळी फुले उठून दिसतात. बोगनवेल मात्र नको. ती वजनदार होते, काटेरी असते आणि मांडव उतरवण्याच्या वेळी सोडत नाही. झोपाळाही मांडवाला बांधू नये. मेढी वरचा भार पेलण्यासाठी असतात, हेलकावे सोसण्यासाठी नसतात.

देखरेख आणि उतरवणे

महिन्यातून एकदा झाप काठीने खालून हलके ठोकून धूळ आणि पालापाचोळा पाडावा. अडगळीत विंचू येतात, म्हणून पश्चिमेच्या उभ्या झापांची खालची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवावी आणि मांडवावर सामान साठवू नये.

मांडव मृगाच्या आधी, शक्यतो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात उतरवावा. वळवाच्या पावसाबरोबर येणारा वारा झाप उपसून काढतो, आणि अरबी समुद्रातली वादळेही याच सुमारास येतात. तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर किनाऱ्याजवळून गेले, तर निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वादळाचा इशारा आला तर घाईने सगळा मांडव मोडत बसू नये. आधी झाप सोडवून खाली घ्यावेत, म्हणजे सांगाड्यातून वारा पार होतो. उतरवताना गाठी शक्य तिथे सोडवाव्यात, बांबू पुसून पडवीच्या आढ्याखाली आडवे टांगावेत आणि मेढी काढल्यावर खड्डे दगड घालून झाकावेत, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी करावी लागत नाही. जुने झाप माडांच्या आळ्यांत पसरावेत. चांगल्या राहिलेल्या दोन-चार झापांचा पावसाळ्यात लाकडे झाकायला उपयोग होतो.